अंगठ्यासकट

मोखाड्याहून खोडाळ्याला निघालेल्या जीपमध्ये तो माझ्याशेजारी कसाबसा कोंबला गेला आणि लगेच ड्रायव्हरला विचारू लागला, “भिका इंजिनिअरांचं घर कुठं हो?”

मी कान टवकारले. बाबांना जाऊन चार वर्षं झालेली. आता याचं त्यांच्याकडे काय काम?

“ते लोक गाव सोडून गेले,” मीच ठोकून दिलं.

ड्रायव्हर लक्ष्या खो खो हसला. “अरं, ही त्यांचीच पोर, चंदा!”

तोंड लपवायला जीपमध्ये जागा नव्हती. तो गालात हसला. नाव दिपेश, जव्हारकडचा. बाबांच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता. तिथं शिकून गेलेल्या आदिवासी पोरांची आठवण कुणीच ठेवली नाही, म्हणून सुट्टीत घरोघर फिरून फोटो जमवतो, म्हणे. म्हणे! मागे असाच एक गोडबोल्या पुस्तकात छापतो सांगून बाबांचे फोटो घेऊन गेला. ना पुस्तक आलं, ना फोटो. एकच उरला होता... कॉलेजच्या लेथ मशीनजवळ उभे असलेले तरुण बाबा.

आईने त्याला चहा दिला. मी फोटो आणला, पण हातातून सोडला नाही.

“खाली ठेवा ना... मोबाइलवरच काढायचाय.”

“असाच काढ.”

“तुमचा अंगठा येतोय.”

“येऊ दे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं — जरा जास्तच वेळ.

“फोटोकडे बघ,” मी म्हटलं. चुलीजवळ बसल्यामुळे माझे कान तापले असावेत.

मग त्याचे फोन सुरू झाले. आधी बाबांबद्दल, मग “जेवलीस का?” फोटो मिळाला, तरी हा फोन का करतो? माझा संशय आणखीच वाढला.

“त्याला आता फोटो नको आसंल,” आई म्हणाली.

दिवाळीआधी कॉलेजात प्रदर्शन लागलं. आईला घेऊन गेले. भिंतीवर बाबा होते, आणि कोपऱ्यात भातलावणीच्या चिखलाने काळं पडलेलं नख — माझा अंगठा! खाली लिहिलं होतं, ‘फोटो जपणारी : चंदा’.

“कापून टाकायचास ना!” शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या दिपेशला मी म्हटलं.

“सर म्हणालेच होते. म्हटलं, आपल्या माणसाचा अंगठा एकदा कापून झालाय... आता नाही.” मग हळूच म्हणाला, “आणि मला तो रोज बघायचा होता.”

माझे डोळे भरून आले. पर्समधून मी खरा फोटो काढला. मागे बाबांच्या अक्षरात चार मित्रांची नावं होती. ती बाजू मी त्याला दाखवलीच नव्हती.

“हे चौघं शोध.” फोटो त्याच्या हातात दिला, आणि या वेळी सोडला.

“परत आणून देईन, चंदा.”

“तूच ये. पोस्टाने पाठवलास तर बघ!” मी डोळे पुसले. “आणि आलास की... लगेच निघू नकोस.”