मागच्या गाडीचे दिवे

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. मामाला, मामेबहिणीला आणि त्या दिवशीच्या म्होरक्याला मी वेगवेगळं गाठून विचारलं. तिघांच्या सांगण्यात पाच मिनिटांचाही फरक पडला नाही.

रविवार. दुपारचे पावणेतीन. डोंगरातला अरुंद रस्ता आणि बॉनेटपुढचं दिसू नये असं धुकं.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांची एका दिवसाची सहल होती. पाच गाड्या. म्होरक्या दातांचा डॉक्टर. मामा गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा. त्याची गाडी चौथी. शेवटची त्याच्या मुलीची, ठकीची. लायसन्स हातात पडून तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते. मामी नको नको म्हणत असताना मामानेच तिला आणलं होतं.

ताफ्याचा नियम एकच. फाटा आला की थांबायचं. मागच्या गाडीचे दिवे आरशात दिसले की मगच वळायचं.

फाट्यावर मामा थांबला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. वॉकीटॉकीवर डॉक्टर डाफरला, ही सहल आहे की पोरीची शिकवणी? पुढचे दोघे खिदळले. मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात आरशात दिवे उगवले…

दोन. गोल. पिवळे.

ते पिवळे बल्ब मामाने स्वतः बसवले होते, बापलेकीच्या गाड्यांना सारखे. ताफ्यात आणखी कुणाकडे नव्हते. त्यामुळे वॉकीटॉकीवर विचारून घ्यावं, असं त्याच्या मनातही आलं नाही.

तो उजवीकडे वळला. दिवेही वळले.

जवळ आले. फारच जवळ…

बंपरला धक्का बसला. अंतर ठेवता येत नाही का, म्हणून मामाने ठकीला झापलं.

वॉकीटॉकी खरखरली. "बाबा, कुणाला बोलताय? मी आत्ता फाट्यावर पोचतेय."

मामाने आरशात पाहिलं. दिवे होते. इंजिनाचा आवाज मात्र…

नव्हता.

दुसरा धक्का. या वेळी दरीच्या बाजूला.

आणि दिवे विझले.

"दिसलात, बाबा," ठकी म्हणाली. "डावीकडे ना? हात बाहेर काढून बोलावताय ते दिसतंय. आले."

डावीकडे बंद पडलेली दगडखाण होती.

मामाच्या एका हातात स्टिअरिंग होतं, दुसऱ्यात वॉकीटॉकी.

"ठके, तो मी नाही. हँडब्रेक ओढ."

"पण बाबा, तुम्ही तर…"

"ओढ म्हणतो ना, कार्टे."

खट्. मग काहीच नाही.

मामा गाडी तिथेच टाकून मागे पळत सुटला. ठकीची गाडी खाणीच्या काठावर उभी होती. पुढचं एक चाक अधांतरी. तिच्यापुढे चिखलात आणखी एका गाडीच्या चाकांचे माग होते…

सरळ काठापर्यंत.

खाली दगडांशिवाय काही सापडलं नाही.

मामाच्या बंपरला खोल पोचा आला होता. तीस वर्षं पोचे काढणारा माणूस, पण दुसऱ्या गाडीच्या रंगाचा कणही त्याला त्यावर दिसला नाही. पोरीनेच ठोकलं असेल, असं डॉक्टर आजही म्हणतो. त्या रस्त्याला मात्र तोही फिरकत नाही.

ठकीने एवढंच सांगितलं. ब्रेक ओढल्यावर पुढच्या गाडीतला माणूस वळला होता. चेहरा बाबांचाच होता. पण इतका रागावलेला तिने कधी पाहिला नव्हता.

आता ती मामाच्या मागून घरातही चालत नाही. दारातच थांबते. "आधी तोंड दाखवा," म्हणते.

परवा माझ्यादेखत मामा वळला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली…

आणि आत आली नाही.