रिकाम्या नळीत काय होतं?

निर्झर अपार्टमेंटच्या सातव्या मजल्यावर सकाळपासून एक चमत्कारिक गोष्ट घडत होती. खरं म्हणजे घडत नव्हती. नळाला पाणी येत नव्हतं.

यात चमत्कारिक काय, असं तुम्ही म्हणाल. पण नीट ऐका. पाण्याची टाकी होती गच्चीवर आणि गच्चीच्या लगेच खाली सातवा मजला. म्हणजे पाण्याला सगळ्यात जवळचं घर केतकीचं. तळमजल्यावर नळ धो धो वाहत होते, चौथ्या मजल्यावरच्या बाळाची आंघोळ होऊन ते झोपलंसुद्धा होतं, आणि टाकीच्या पायथ्याशी राहणारी केतकी मात्र तोंडात ब्रश धरून कोरड्या नळाकडे बघत उभी होती. तिने नळ सोडला तेव्हा तो आधी खाकरला, मग फुसफुसला, दोन थेंब टाकले आणि गप्प बसला.

“चंदू!” तोंडातला फेस सावरत केतकीने हाक मारली.

चंदू हा निर्झर अपार्टमेंटचा पाणी सांभाळणारा यंत्रमानव. तो चंद्रावरून आला होता, म्हणून चंदू. चंद्रावर मोठ्या घुमटात माणसांची वस्ती झाली तेव्हा घुमटाबाहेरच्या उघड्या जमिनीवर पाण्याच्या नळ्या टाकण्याचं काम त्याने कितीतरी वर्षं केलं. पुढे तिथे नवे यंत्रमानव आले आणि जुन्यांना पृथ्वीवर धाडण्यात आलं. ‘जुना, पण उत्तम स्थितीत’ अशी जाहिरात वाचून सोसायटीने त्याला मागवून घेतला. तीन पायांचा, पिंपासारख्या पोटाचा आणि पावलागणिक कुरकुरणारा हा गडी केतकीचा जिवलग मित्र झाला होता.

त्याला एक वेड होतं. नळ वाहताना दिसला की तो थबकायचा आणि बघतच राहायचा. “मी चंद्रावर इतकं पाणी पोचवलं,” तो सांगायचा, “पण ते नेहमी बंद नळीत. पाणी कसं दिसतं ते मी तिथे पाहिलंच नव्हतं. पडताना ते चमकतं, केतकी.” असं काही तो बोलला की केतकीला त्याची फार माया वाटायची.

चंदू आला. त्याच्या बोटांच्या टोकांना संवेदक (ओल, उष्णता, आवाज असं काही ओळखणारे यंत्राचे भाग) होते. ते भिंतीवर टेकवून त्याने नळीचा सगळा रस्ता तपासला, मग गच्चीवर जाऊन आला.

“टाकी भरलेली आहे. झडप उघडी आहे. नळी कुठे फुटलेली नाही,” तो म्हणाला.

“मग नळीत काही अडकलंय का?”

“काहीही नाही. नळीचा बराचसा भाग रिकामा आहे. बिघाड नाही.”

नेमके त्याच वेळी सोसायटीचे सेक्रेटरी तेंडोलकर काका दारात येऊन उभे राहिले. शेजारच्या घरातही पाणी नव्हतं आणि तिथल्या मंडळींनी सकाळपासून त्यांचं डोकं खाल्लं होतं.

“बिघाड नाही म्हणतो! ऐकलंस गो केतकी?” काका म्हणाले. “काल यानेच टाकी रिकामी करून धुतली, पुन्हा भरली आणि आज हे असं. विचारावं तर म्हणतो, बिघाड नाही. अरे, मग पाणी काय रुसून बसलंय? याचंच डोकं फिरलंय. मी कंपनीला कळवलंय. संध्याकाळी गाडी येईल. तोवर पाणी आलं तर ठीक, नाहीतर हा परत जाईल.”

“परत जाऊन काय होईल त्याचं?” केतकीने विचारलं.

“काय व्हायचंय? स्मृती पुसतात आणि पुन्हा नव्याने कामाला लावतात. त्याला थोडंच दुखणार आहे!”

काका निघून गेले. केतकी चंदूकडे वळली. स्मृती पुसली म्हणजे चमकणारं पाणी पुसलं गेलं आणि केतकीसुद्धा पुसली गेली. चंदू शांतपणे उभा होता. त्याला वाईट वाटत होतं की नाही कोण जाणे, पण तिला खूपच वाटत होतं. ती चंदूला घेऊन तडक आजीकडे गेली.

केतकीच्या आजीने उमेदीची सगळी वर्षं प्रयोगशाळेत पवनचक्क्यांच्या पात्यांवर वारा सोडून बघण्यात घालवली होती. “माझं आयुष्य हवेत गेलं,” असं ती सांगायची आणि स्वतःच हसायची. तिची एक खोड होती. ती सरळ उत्तर कधीच द्यायची नाही.

“चंदू, नळीत काय आहे म्हणालास?” आजीने विचारलं.

“काही नाही, आजी. रिकामी आहे.”

“अस्सं.” आजीने चष्मा पुसला. “केतकी, खालून आणलेल्या बादलीत हा पेला बुडव पाहू. उपडा धर आणि सरळ खाली दाब. पण आधी पेल्याच्या तळाशी एक कागदाचा बोळा घट्ट बसव.”

केतकीने तसं केलं. पेला दाबताना हाताला जोर लागत होता, जणू खालून कुणीतरी तो वर ढकलतंय. पेला पुरता बुडल्यावर तिने तो तसाच सरळ वर काढला. कागद कोरडा ठणठणीत!

चंदूच्या डोळ्यांचे दिवे लुकलुकले. “हे चूक आहे,” तो म्हणाला. “पेला रिकामा होता. पाणी आत जायला हवं होतं.”

“का जायला हवं होतं?” आजी म्हणाली.

“चंद्रावर जातं. घुमटाबाहेर मी नवी नळी जोडली की आत काहीच नसायचं. पाणी सोडलं की ते सरळ शेवटपर्यंत धावायचं.”

केतकी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने टाळी वाजवली. “आजी! चंद्रावर बाहेर हवाच नाही ना! तिथलं रिकामं म्हणजे खरंखुरं रिकामं!”

“त्याला निर्वात (जिथे हवासुद्धा नाही अशी जागा) म्हणतात,” आजी म्हणाली. “आणि आपल्याकडचं रिकामं?”

“हवेने भरलेलं! हा पेला रिकामा नव्हताच. आत हवा होती आणि तिला बाहेर पडायला वाट नव्हती. हवेने जागा अडवली, मग पाणी कुठे जाणार?”

चंदूने कोरड्या कागदाला बोट लावून पाहिलं. “म्हणजे नळीत काही नाही असं नाही,” तो हळूच म्हणाला. “नळीत हवा आहे. मी हवेला ‘काही नाही’ समजत होतो.”

“अरे, इथे जन्मलेली माणसंही तेच समजतात,” आजी हसून म्हणाली.

पण केतकीचं समाधान झालं नव्हतं. हवा तर मऊ, हलकी. फुंकर मारली की पळणारी. टाकीभर पाण्याला ती अडवेलच कशी? आणि अडवते तर फक्त सातव्याच मजल्याला का?

“तुझी माशांच्या पेटीची ती पारदर्शक नळी आण,” आजी म्हणाली.

आजीच्या सांगण्यावरून तिने नळीचं एक टोक हातात उंच धरलं, नळी आधी थोडी खाली लोंबू देऊन मग खुर्चीच्या पाठीवरून पलीकडे सोडली, जमिनीपाशी तिला वळण दिलं आणि दुसरं टोक पुन्हा वर आणून चंदूच्या हातात दिलं. चंदूचं टोक तिच्या टोकापेक्षा बरंच खाली होतं. मग केतकी आपल्या टोकातून हळूहळू पाणी ओतू लागली. पाणी खुर्चीवर चढलं, पलीकडे घरंगळलं, जमिनीजवळच्या वळणात साठलं, चंदूच्या बाजूला थोडं वर सरकलं आणि थांबलं. केतकीच्या हातातलं टोक काठोकाठ भरलं तरी चंदूच्या टोकातून थेंबही पडेना. नळीत दोन्हीकडे पाणी होतं आणि मध्ये, खुर्चीच्या पाठीपासून खालपर्यंत, हवेचा एक लांबलचक तुकडा अडकून बसला होता.

“पाणी हवेला ढकलतंय,” केतकी म्हणाली, “पण हवेला पुढे जायचं तर तिला त्या वळणातलं पाणी वर उचलायला हवं. तेवढा जोर कमी पडतोय.”

“बरोबर. आणि पाण्याचा जोर कशाने वाढतो?”

केतकीला उन्हाळ्यातली विहीर आठवली. जितकी खोल बुडी, तितके कान जास्त दडपतात. “वर जितकं उंच पाणी असेल तितका दाब (रेटा) जास्त,” ती म्हणाली. “अगं हो! तळमजल्याच्या डोक्यावर सात मजल्यांइतकं उंच पाणी आहे. तिथे हवा अडकली तरी ते तिला सहज हुसकावून लावेल. आणि आपण टाकीच्या इतक्या जवळ आहोत, म्हणूनच आपल्याकडे जोर कमी!”

सकाळचं कोडं अर्धं सुटलं. टाकीच्या सगळ्यात जवळ असणं हा फायदा नव्हता, उलट तोटाच होता.

“पण परवापर्यंत तर पाणी येत होतं,” केतकी विचारात पडली. “टाकी याआधीही कितीदा धुतली आहे. तेव्हा हवा कुठे जायची?”

आजीने फक्त वर, छताकडे पाहिलं.

तिघंही गच्चीवर गेली. गच्चीवर एका बुटक्या ओट्यावर टाकी होती. खालच्या मजल्यांची जाड नळी टाकीतून थेट खाली उतरत होती. सातव्या मजल्याची नळी वेगळी होती. ती जमिनीवरून सरपटत जाऊन कठड्यावर चढत होती आणि मग पलीकडून खाली जाऊन घरातल्या नळांपाशी पुन्हा वर वळत होती. अगदी खुर्चीवरून घातलेल्या नळीसारखी. आणि जिथे ती कठड्यावर सगळ्यात उंच होती तिथून एक बारीक नळी सरळ आभाळाकडे, टाकीहूनही उंच गेली होती. तिचं टोक छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवलेलं होतं. केतकीने ती रोज पाहिली होती, पण ती कशासाठी आहे हे कधी विचारलं नव्हतं. आज त्या वळलेल्या तोंडावर एक निळं झाकण घट्ट बसवलेलं होतं.

“हे कुणी लावलं?” तिने विचारलं, पण विचारता विचारताच तिला उत्तर कळलं आणि तिचा चेहरा उतरला.

“मी,” चंदू म्हणाला. “काल, टाकी धुताना. चंद्रावर उघडं तोंड म्हणजे मोठा धोका. पाण्याची वाफ होऊन ते उडून जातं. मला वाटलं, कुणीतरी बंद करायला विसरलं आहे.”

“तिला वायुनळी (अडकलेली हवा बाहेर जाण्यासाठी ठेवलेली उघड्या तोंडाची नळी) म्हणतात,” आजी म्हणाली. “ती टाकीहून उंच असते, म्हणून तिच्यातून पाणी सांडत नाही. हवा मात्र निघून जाते.”

चंदूने आपला लांब हात वर केला आणि झाकण फिरवलं. सुस्सऽऽऽ! त्या इवल्याशा तोंडातून हवा शिट्टी वाजवत सुटली. कठड्यावरची नळी गुडगुडली, थरथरली. आणि खालून आईचा आवाज आला, “आलं गं! पाणी आलं!”

केतकी उड्या मारू शकली असती, पण तिने चटकन चंदूच्या हातातलं झाकण घेतलं आणि मुठीत लपवलं, कारण जिन्यातून तेंडोलकर काका धापा टाकत वर येत होते.

“चंदू,” ती त्याच्या कानाजवळ कुजबुजली, “पाणी आलंय. आता काही बोलू नकोस. प्लीज.”

“वा वा! आलं एकदाचं!” काका म्हणाले. “नक्की काय झालं होतं?”

केतकीने मूठ पाठीमागे नेली. चंदू एक पाऊल पुढे आला. कुर्रर्र!

“काका, चूक माझी,” तो म्हणाला. “हवा बाहेर जाण्याची वाट मी बंद केली होती. वर मीच म्हणालो, बिघाड नाही. मला वाटत होतं हवा म्हणजे काहीच नाही. ते खरं नव्हतं.”

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मूठ उघडली आणि निळं झाकण काकांपुढे धरलं. “काका, तो चंद्रावर शिकलेलं बरोबर तेच करत होता हो. इथलं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.”

काकांनी झाकण हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

“हॅलो, कंपनी ना? निर्झर अपार्टमेंटमधून बोलतोय. ती संध्याकाळची गाडी नको. हो, रद्द करा.” त्यांनी फोन ठेवला आणि आजीकडे वळून म्हणाले, “काय करू हो? इतकी वर्षं सेक्रेटरी आहे, दर महिन्याला मीटिंग घेतो. पण या सोसायटीत ‘चूक माझी’ म्हणणारा हा पहिलाच भेटला. असा माणूस कोण परत पाठवेल?”

“माणूस?” केतकी डोळे पुसत हसली.

“बरं, यंत्रमानव. पण लाखात एक.”

त्या संध्याकाळी चंदू पुन्हा केतकीच्या नळापाशी उभा होता. केतकीने ओंजळ धरली. पाणी पडताना चमकत होतं आणि तो बघत होता.

“केतकी,” तो म्हणाला, “चंद्रावर आता घुमटाच्या आत बागा करणार आहेत. तिथे हवा असेल. मी तिथल्या यंत्रमानवांना निरोप धाडला आहे की बागेच्या नळ्यांना एक उघडं तोंड ठेवा.”

“मोठी झाले की मी येईन ते बघायला,” केतकी म्हणाली. “तू येशील ना माझ्याबरोबर?”

इतक्यात तेंडोलकर काका दारातून डोकावले. त्यांच्या हातात एक बादली होती. “काय रे चंदू, आता काही कटकट नाही ना? ही बघ, खालून पाणी आणावं म्हणून सकाळी काढली होती, पण तोवर नळाला पाणी आलं आणि ही रिकामीच राहिली.”

चंदूने वळून बादलीत पाहिलं.

“नाही काका,” तो म्हणाला, “काठोकाठ भरलेली आहे.”