जिभेला चिकटणारा दगड

बारा वर्षांत राज्यातल्या एकाही धरणाला तडा गेला नव्हता. भिंतींची डागडुजी आता माणसं करत नसत, सांधजीव करत. प्रयोगशाळेत घडवलेले हे जिवाणू काँक्रीटमध्येच मिसळलेले असत. भेग पडून पाणी आत शिरलं की ते जागे होत, पाण्यातला चुना घेऊन त्याचा दगड करत आणि भेग बुजवत. पाणी आटलं की पुन्हा झोपत. वेळ आली तर पन्नास वर्षंसुद्धा. पूल, कालवे, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, सगळीकडे ते होते. लोक त्यांना विसरून गेले होते.

चैत्रात दौलत मेश्राम जड पिशवी घेऊन संग्रहालयात आला. हा चंद्रपूरकडचा निवृत्त पोस्टमन वीस वर्षं दगड गोळा करत होता आणि जीवाश्म म्हणून तिथल्या जीवाश्मतज्ज्ञ डॉ. इरावती पाठारे यांना दाखवायला आणत होता. बहुतेक वेळा ते नुसते दगडच निघत.

"या, दौलतभाऊ. आज काय? अंडं की दात?"

"हसा मॅडम, हसा. मागच्या वेळेस गारगोटी निघाली, मान्य हाय. पण यावेळेस मासा हाय, पुरा मासा. धरणाखालचा कालवा कोरडा पडला ना, तिथंच भेटला."

"जीभ लावून पाहिलीत?"

"हाव जी, तुमीच तर शिकवलं. असे बावीस मासे आणलेत, बावीसच्या बावीस चिकटतात. आमची बायको, शेवंता, म्हणते, तिकिटं चाटायची सवय अजून गेली नाही तुमची."

ही परीक्षा जुनी आहे. हाडाला बारीक छिद्रं असतात आणि हाडाचा दगड झाला तरी ती बरेचदा टिकतात. ती जिभेची ओल ओढून घेतात, म्हणून जीभ चिकटते. साध्या दगडाला चिकटत नाही. डॉ. पाठारेंनी एक मासा उचलला आणि सवयीनं जिभेला लावला. तो इतका घट्ट चिकटला, की त्यांनी उरलेले एकवीसही लावून पाहिले.

"नवी जात निघाली तर तुमचं नाव देऊ."

"एवढं नाही म्हणत मी. काचेखालच्या चिठ्ठीवर तेवढं लिहा, शोधणारा दौलत मेश्राम. चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं घरोघर पोचवली, मॅडम."

दगडाच्या आतलं दाखवणाऱ्या यंत्राचा नंबर लागायला तीन आठवडे गेले. पडद्यावर मासा दिसला तेव्हा डॉ. पाठारेंना आधी आनंद झाला. एरवी हाडं तेवढी टिकतात. इथे कल्ले, डोळे, मांससुद्धा दगडात जसंच्या तसं होतं. मग त्यांना जबड्यात अडकलेला लोखंडी गळ दिसला. त्याला बोटभर नायलॉनचा दोरा होता.

त्यांनी चार दिवस आणखी एक प्रयोग केला आणि मग फोन लावला. गळाचं ऐकून दौलत खूप हसला.

"म्हणजे डायनासोरच्या काळातही आमच्या गावचे लोक मासे मारत होते म्हणा की! मंग हा मासा केव्हाचा, जी?"

"फार तर मागच्या पावसाळ्यातला."

"असं कसं? दगड व्हायला लाखो वर्षं लागतात. तुमीच सांगितलं."

"लागत होती."

त्यांनी सांधजीवांबद्दल सांगितलं. ते फक्त काँक्रीटच्या तीव्र क्षारातच जगावेत असे घडवलेले होते. पण जिवाणूंची पिढी अर्ध्या तासाची. बारा वर्षांत दोन लाख पिढ्या झाल्या आणि त्यांतल्या कुठल्या तरी पिढीला बाहेर जगणं जमलं. आता त्यांना ओल आणि चुना एवढंच पुरतं. त्या दगडी माशाची पूड टाकलेल्या पाण्यात त्यांनी कोंबडीचा तुकडा ठेवला होता, तो चौथ्या दिवशी टेबलावर दगडासारखा वाजला.

"दौलतभाऊ, लाळेतही चुना असतो. दातांवर किटण चढतं ते त्याचंच. तुम्ही केव्हापासून चाटताय?"

"माघापासून." त्याचे शब्द जड येत होते. डॉ. पाठारेंना आतापर्यंत वाटलं होतं, फोनच खराब आहे. "शेवंता म्हणते, मी दारू प्यायल्यासारखा बोलतो. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं. औषध असंल ना, जी?"

औषध नव्हतं. सांधजीव मारणारं औषध कुणी करूच नये, असा कायदा होता. ते एकदा पाण्यात गेलं असतं तर धरणं राहिली नसती. धरणांखाली अडीच कोटी माणसं राहत होती.

"मी आजच मुंबईला, मंत्रालयात कळवते," त्या म्हणाल्या.

"कळवा. मासा खोटाच निघाला म्हणायचा."

"खोटा नाही. असा हा पहिलाच आहे."

"मंग चिठ्ठी लिहा, मॅडम."

फोन ठेवून त्यांनी खणातून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. चिठ्ठ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. सुट्या करायला त्यांनी नेहमीसारखं बोट जिभेला लावलं. ते चटकन निघालं नाही.

त्या उठून बेसिनपाशी गेल्या, बोट नळाखाली ओलं केलं आणि पुन्हा जिभेवर ठेवलं. या वेळी ते ओढूनच सोडवावं लागलं. उजेडात धरून पाहिलं, तर बोट अगदी कोरडं होतं.