उघडी रेघ

नूपुर सबनीसच्या कामात बोट ठेवायला जागा नसे, आणि हे ती स्वतःच चारचौघांत सांगे. कुणी हाताने काढलेलं चित्र स्कॅन करून द्यावं आणि तिने कॉम्प्युटरवर त्यात रंग भरावेत. आधी सपाट रंग, मग वेगळ्या लेयरवर सावली, शेवटी उजेड. कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या कंपनीत आठ वर्षं तिने हेच केलं होतं. बाईचं नाक जरा वर असायचं खरं, पण का असू नये?

ह्या खेपेला मात्र चित्रं बाबांची होती. चंद्रकांत सबनीस बँकेच्या बदलीवर नागपूरहून कोलकात्याला आले आणि इथेच रमले. निवृत्तीनंतर डमडमला फ्लॅट घेतला. रोज सकाळी टाक आणि काळी शाई घेऊन गॅलरीत बसायचं आणि खालची माणसं काढायची. आता डोळे दगा देत होते. मधोमध धुकं आणि कडेला थोडंफार काही दिसायचं, तेही चार-सहा महिनेच, असं डॉक्टर म्हणाले होते. एस्प्लनेडच्या एका प्रकाशकाने बारा चित्रांचं पुस्तक करायचं कबूल केलं आणि नूपुरने रजा टाकली. बाबांना आपलं पुस्तक रंगीत दिसलं पाहिजे, एवढं एकच तिने मनात धरलं होतं.

"माणसाची रेघ पूर्ण बंद करू नकोस हं," बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "मी कुठेतरी फट ठेवतो. मनगटाशी, नाहीतर टाचेशी. ती तशीच राहू दे."

"का पण, बाबा?"

"माझ्या मास्तरांनी तसं शिकवलं. का, ते त्यांनीही सांगितलं नाही."

झाली का पंचाईत! रेघेत फट असली की ओतलेला रंग बाहेर सांडतो. पहिल्याच चित्रातल्या मासेवालीच्या साडीचा निळा सगळ्या बाजारभर. म्हणून ह्या कामात आधी रेघा सांधून घेतात. तरी बाबांचा शब्द मानून नूपुरने दोन दिवस ब्रशने, जपून जपून रंगवलं आणि त्यांना पडद्यासमोर बसवलं.

"शहाळी दिसतात. ताडपत्री दिसते," बाबा म्हणाले. "मासेवालीच्या जागी धुकंच आहे गं."

त्यांचा पडलेला चेहरा तिला बघवेना. ते आंघोळीला गेल्यावर तिने टाचेजवळची फट गुपचूप सांधली. रंग ओतला, सावली टाकली. रंग असा बसला, असा बसला, की तिलाच आपला हेवा वाटला.

"अरे, ही तर मालती!" बाबा ओरडलेच. "काठ पिवळा केलास. आणि कुंकू विस्कटलंय तिचं! काय हात आहे गं पोरी तुझा!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नूपुरची छाती अभिमानाने फुगली. फटीचं तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई, सुनंदाबाई, बाजारातून रिकामी पिशवी घेऊन आली.

"मालती आलीच नाही आज."

"अगं, बसलीय की. आत्ता गॅलरीतून दिसली मला."

"जागा मोकळी होती, नूपुर. मी शेजारच्यालाही विचारलं."

नूपुरने वाकून पाहिलं. मालतीदी पाटीमागे बसून जोरजोरात हाका मारत होती. माणसं थांबत नव्हती. एकजण तर पाटीवरूनच चालत गेला. आईने धड बघितलं नसेल, नूपुरने स्वतःला समजावलं, आणि पुढचं चित्र घेतलं.

पुढचा होता अरुणदा, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. त्याची मनगटाजवळची फट सांधली. बाबा हरखले. दोन दिवसांनी सोसायटीच्या सेक्रेटरीने त्याच्या जागेत आपली स्कूटर लावली. अरुणदा तर तिथेच, टेबलापाशी इस्त्री हातात घेऊन उभा होता. कोळशाचा धूर निघत होता. त्याने मान वर केली आणि सरळ नूपुरकडे पाहिलं.

धावत येऊन तिने दोन्ही फाइली उघडल्या आणि सांधलेल्या रेघा खोडून टाकल्या. पुन्हा गॅलरीत गेली. स्कूटर तिथेच होती, आणि अरुणदा तसाच वर बघत उभा होता.

उरलेल्या नऊ चित्रांत तिने एकही रेघ सांधली नाही. बाबांनी तक्रार केली नाही. "छान आहे," एवढंच म्हणायचे, आणि बोटांनी पडदा चाचपायचे. ते "छान" तिला चटका लावून जायचं.

बारावं चित्र बाबांनी शेवटचं काढलेलं, वर्षभरापूर्वी, डोळे पुरते बिघडण्याआधी. टेबलाशी काम करत बसलेली नूपुर.

"बाकीची धुक्यात राहिली तरी चालतील," बाबा म्हणाले. "ही एक बघायचीय. वर्ष झालं, तुझा चेहरा दिसलेला नाही मला."

नूपुरला रडू फुटलं. पण लेक कुणाची! डोळे पुसले आणि पेन उचललं.

गालावर गॅलरीतला सकाळचा उजेड. मानेखाली मऊ जांभळी सावली. आयुष्यात इतकं सुंदर काम तिने केलं नव्हतं आणि ते तिला ठाऊक होतं.

फट करंगळीशी होती. केसाएवढी.

तिने ती सांधली.

"नूपुर!" बाबा पडद्याकडे झुकले. "दिसलीस गं. किती वाळलीस! कपाळावर आठी कसली ती?"

"बाबा, मी इथे आहे. तुमच्या बाजूला."

"बोल ना काहीतरी," बाबा पडद्याला म्हणाले, आणि कान देऊन ऐकत राहिले. मग मोठ्याने हसले. "अगं, बरोबर! तेच म्हणतोय मी."

नूपुरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी मान वळवली नाही.

आई चहा घेऊन आली. आईचे डोळे चांगले होते. तिने एक कप बाबांच्या हातात दिला आणि दुसरा पडद्यासमोर ठेवला.

"घे बाई, गरम आहे तोवर," ती पडद्याकडे पाहून कौतुकाने म्हणाली. "सकाळपासून बसलीयेस. अभिमान वाटतो गं तुझा."

नूपुर दोघांच्या मधे उभी होती. समोरच्या कपातला चहा हळूहळू कमी होत होता.