खूण काढल्यावर

गार्गीचा लॅपटॉप थांबायचा तो नेहमी वाचताना. टाइप करत असली की काही नाही. पण हात मांडीवर ठेवून दवाखान्याचा एखादा लांबलचक कागद वाचायला लागली, की पडद्यावरचा बाण जागीच रुतायचा, कीबोर्ड मुका व्हायचा, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा थिजायचं. मग मिनिटभराने, कधी त्याहून उशिरा, काही झालंच नाही अशा थाटात सगळं पुन्हा सुरू.

पुण्यातल्या एका विमा कंपनीचे दावे ती सोनाळ्याला, गावच्या घरात बसून तपासायची. बाबा गेल्यावर तिने आईला, सत्यभामाबाईंना, पुण्याला नेलं होतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत आईचं गाणं सुटलं. हात कामाला लागला की जिचा गळा आपसूक चालायचा, ती बाई मुक्याने भाजी निवडू लागली. गार्गी तिला घेऊन परत आली. सातपुड्याचा वारा लागणाऱ्या त्या अंगणात आई पुन्हा गाऊ लागली, आणि आता हा डबा दगा देत होता. भर मीटिंगमध्ये गार्गीचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडाने थिजला तेव्हा बाकीचे हसले, मॅनेजरबाई हसल्या नाहीत. "आठवडाभरात दुरुस्त कर," त्या म्हणाल्या, "नाहीतर ऑफिसात येऊन बस."

उन्हाने तापत असेल म्हणून गार्गी माठाशेजारी जाऊन बसली.

"पाणी पाजतं का त्याले?" आईने विचारलं.

"थंड करून राह्यली वं माय."

"मंग डोक्यावर कांदा ठेव त्याच्या. तुया बाबाले ऊन लागलं की मी तेच करू."

शेवटी तिने ऑफिसातल्या धवलला फोन लावला. संगणकांचं सगळं तोच पाहायचा. त्याने आधी ड्रायव्हरचं नवं सॉफ्टवेअर टाकायला लावलं, मग जुनं. मग म्हणाला, "आता वाय-फाय बंद कर आणि तसेच हात बांधून कागद वाच." गार्गीने वाचले. अर्धी दुपार गेली, बाण एकदाही अडला नाही.

"सापडला," धवल म्हणाला. "वाय-फायचं कार्ड. तू हात काढलास की वीज वाचवायला ड्रायव्हर त्याला झोपवतो. मग हाक मारतो, ते उठत नाही, आणि अख्खी मशीन त्याच्या उशाशी बसून राहते."

"मग काय करायचं?"

"झोपूच द्यायचं नाही."

सेटिंगच्या तळाशी एक चौकोन होता. वीज वाचवण्यासाठी हे कार्ड बंद करायला परवानगी. त्यात बरोबरची खूण होती. गार्गीने ती काढली.

त्यानंतर लॅपटॉप थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी आई अंगणात कुरड्यांचा चीक शिजवत होती. चुलीवरच्या गंजात लाकडी घाटा फिरत होता. हे हाटणं थांबलं की चिकाच्या गाठी होतात, म्हणून आई अशा वेळी कोणी दारी आलं तरी मान वळवत नसे. घाट्याच्या लयीत ती गात होती:

"गहू भिजले तीन राती, चीक आला दुधावानी,
लेक बसली अंगणात, ऊन वाटे—"

ओसरीत कागद वाचता वाचता गार्गी पुढच्या शब्दासाठी थांबली. शब्द आला नाही. तिने मान वर केली.

आईचा हात गंजावर थांबला होता. तोंड 'वाटे'वर उघडं होतं. चिकाची वाफ तिच्या कपाळापर्यंत चढून तिथेच उभी होती. विरत नव्हती, हलत नव्हती. कुंपणापलीकडे शेजारची शेळी मात्र खुशाल पाला ओरबाडत होती.

गार्गी धडपडत उठली. तिचा हात कीबोर्डवर पडला.

"—चांदण्यावानी," आई म्हणाली, आणि घाटा फिरला.

"माय, काय झालं तुले?"

"मले काय झालं? तूच काऊन अशी पाह्यतं?"

गंजात एकही गाठ नव्हती.

गार्गीने संग्रामपूरचे डॉक्टर केले. त्यांनी आईचे डोळे पाहिले, रक्तदाब घेतला, म्हणाले, या वयात क्षणभर भान जातं कधी. गार्गीलाही ते पटायला हवं होतं. पण भान आईचं गेलं, तर वाफ कशाला थांबली?

मग तिच्या ध्यानात आलं, की आई थांबते ती आपण हात मांडीवर ठेवून वाचत असताना, आणि माउस हलवला की आई हलते. तेव्हापासून तिने डावा हात माउसवरून काढलाच नाही. पाळण्याची दोरी धरावी तशी ती तो हलवत राहायची, वाचताना, जेवताना, बाहेर आईचा आवाज ऐकत. असं कोणाला सांगायचं, आणि काय म्हणून?

एका दुपारी माउस हलवूनही आई हलली नाही. बाण पडद्यावर इकडून तिकडे पळत होता. गार्गीने कळा दाबल्या, दाबतच राहिली. बऱ्याच वेळाने आईने हातातला पेला ओठांना लावला.

त्याच क्षणी गार्गीने त्या चौकोनात खूण परत लावली.

लॅपटॉप पुन्हा थांबू लागला. आई थांबली नाही. मॅनेजरबाईंच्या मीटिंगमध्ये गार्गीचा चेहरा पुन्हा थिजला. या वेळी कोणी हसलं नाही. संध्याकाळी मेल आला: ऑफिसात ये, किंवा लॅपटॉप परत पाठव.

गार्गीने लॅपटॉप खोक्यात भरला. काही दिवसांनी कुरिअरवाला तो घेऊन गेला.

"नोकरी गेली नं तुयी?" आई म्हणाली.

"गेली."

"जाऊ दे. आपण कुरड्या इकू." आई हसली आणि सूप घेऊन तूरडाळ पाखडायला अंगणात बसली. तिचं गाणं सुरू झालं. गार्गी चौकटीला टेकून ऐकत राहिली. कितीतरी दिवसांनी तिचा डावा हात मोकळा होता.

त्यानंतरच्या आठवड्यात धवलचा फोन आला. आई अशीच पाखडत होती.

"लॅपटॉप मिळाला बरं का," तो म्हणाला. "तुझ्या जागी आलेल्या मुलीला आजच दिला. तू ती खूण परत का लावली होतीस? मी काढून टाकली. आता मस्त चालतोय."

अंगणातलं गाणं थांबलं होतं.

"धवल, ती खूण लाव. आत्ताच्या आत्ता लाव."

"अगं, ती मीटिंगमध्ये आहे."

"मग तिला माउस हलवायला सांग."

"काय?"

"सांग तिला! नुसता हलव म्हणावं."

"काय बोलतेयस तू? बरं, तिचं झालं की विचारतो."

फोन बंद झाला. गार्गी अंगणात येऊन आईसमोर उकिडवी बसली. आईचं मनगट गरम होतं. डोळे लेकीकडेच होते, ओठ पुढच्या शब्दाला मिटायला आले होते.

सुपातून उडालेली डाळ दोघींच्या डोळ्यांच्या उंचीवर होती. गार्गीने तिच्याखाली ओंजळ धरली.

ऊन कलेपर्यंत ती तशीच धरून बसली होती. एकही दाणा खाली आला नाही.