लिंबांचं दालन

आमच्या घरात झाडांचा मान आधी, माणसांचा नंतर. फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या वेशीबाहेरच्या त्या घरात दक्षिणेच्या मोठ्या खिडक्या लिंबांच्या दालनाला होत्या. हिवाळ्यात कुंड्या तिथे ऊन खायच्या आणि आम्ही उत्तरेच्या खोल्यांत कुडकुडायचो. सासरे वनस्पतिशास्त्रज्ञ, माझा नवरा आन्सेल्मही तोच. लग्नानंतर लगेच तो राजाच्या जहाजातून गयानाच्या जंगलात गेला, तो चार वर्षांनी परतला.

रापला होता, वाळला होता, पण तोच होता. सूप दोनदा मागून घ्यायचा. दालनात आतल्या भिंतीशी बसून तो वाळवलेली रोपं जुळवायचा आणि मी त्यांची चित्रं काढायचे.

लिंबांनी खिडक्यांकडे पाठ फिरवल्याचं मला तिथेच दिसलं.

पानं उजेडाकडे वळतात हे आमच्या मांजरालाही ठाऊक होतं. मी कुंड्या फिरवल्या. सकाळी पानं पुन्हा भिंतीकडे, आन्सेल्मच्या खुर्चीकडे. खुर्ची दुसऱ्या टोकाला नेली. दुपारपर्यंत पानंही तिकडे.

"सूनबाई, कुंड्यांशी कोण खेळतंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"कोणी नाही, मामंजी."

"मग लिंबांना चळ लागला म्हणायचा," ते हसले. पण आन्सेल्म स्वयंपाकघरात गेला आणि जेवण होईतो पानं स्वयंपाकघराच्या भिंतीकडे वळली. नंतर ते हसले नाहीत.

मी आन्सेल्मला सरळच विचारलं.

"तिकडे जंगलातही असंच व्हायचं," तो मान वर न करता म्हणाला. "आधी गंमत वाटली."

"मग?"

"मग झोपायला जागा उरली नाही." पुढचं रोप कागदावर ठेवत म्हणाला, "जहाजावर बरं होतं, कोलेत. तिथे झाडं नसतात."

"तू कुठेही जायचं नाहीस."

चार वर्षं वाट पाहिलेला नवरा मी लिंबांपायी घालवणार नव्हते. कुंड्या गोठ्यात हलवल्या. शयनगृहाच्या खिडकीवरचा वेल स्वतः कोयत्याने तोडला. आठवडा गेला नाही तोच, त्या कडाक्याच्या थंडीत, खिडकीच्या फटीतून हिरवा कोंब त्याच्या उशीपर्यंत आला. तोही कापला. तळहाताला फोड आले.

"रोज कापशील?" त्याने विचारलं.

"रोज."

त्याने माझा हात हातात घेतला, फोडांवरून अंगठा फिरवला.

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासांत एका पहाटे तो अंथरुणात नव्हता. सेतच्या बंदरावर सोडलं, असं गाडीवान म्हणाला. वेल तिथेच थांबला. गोठ्यातून परत आणलेल्या कुंड्या शहाण्यासारख्या उन्हाकडे बघू लागल्या.

मी रडत बसले नाही. उरलेली चित्रं पुरी करायला घेतली.

मे महिन्यात कुंड्या अंगणात काढल्या. तोवर माझं पोट दिसू लागलं होतं. मामंजी पाणी घालत होते. मी दारातून बाहेर आले आणि बाळ पहिल्यांदा हललं.

मामंजींच्या हातातली झारी थांबली; ते पानांकडे बघत होते.

"सूनबाई, आत जा."

"नाही," मी म्हणाले. खुर्ची ओढली आणि उन्हात बसले. "माझं मूल इथेच वाढणार."

ते वाकून एकेक कुंडी भिंतीकडे फिरवू लागले. शेवटच्या कुंडीपाशी पोचेपर्यंत पहिलीची पानं पुन्हा माझ्याकडे वळली होती.