सात टनांची पाचर

लाकूड फोडायचं यंत्र कुठलं घ्यायचं, हे घोंगडं ओड्वारने तीन वर्षं भिजत ठेवलं होतं. विजेचं की पेट्रोलचं, आडवं की उभं, पाच टन दाबाचं की बारा? टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग आणि बाहेर अंगणात ओंडक्यांचा. मे संपत आला. ओस्तेर्दालेनच्या थंड खोऱ्यात आता लाकूड फोडलं नाही, तर हिवाळ्यापर्यंत ते वाळत नाही. ओल्या लाकडाचा धूर सोसायची ताकद तर ओड्वारच्या छातीत उरली नव्हती.

मार्चमध्ये अंगणातला भूर्ज पाडला, तेव्हापासून त्याला धाप लागायची. ओड्वार जन्मला त्या दिवशी त्याच्या बापाने लावलेलं ते झाड. दोनदा छातीचे फोटो काढून झाले. फुप्फुसं स्वच्छ होती.

"अंगणातलं झाड पाडत नसतात, गुनवोर," शेजारचा स्टाइनार कुंपणापलीकडून म्हणाला होता.

"मग छपरावर पडू द्यायचं होतं? तू येणार होतास कौलं शाकारायला?"

ओड्वारच्या बायकोने, गुनवोरने, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. असल्या गोष्टी ती ऐकूनही घेत नसे.

शेवटी तिनेच जाऊन यंत्र आणलं. विजेचं, उभं, सात टनांचं. दोन्ही हातांनी दोन दांडे दाबून धरले तरच पाचर खाली यायची, हात सोडले की वर जायची.

"उभं आणलंस?" ओड्वार खिडकीतून ओरडला. "आडवं घ्यायचं होतं!"

"तीन वर्षं आडवा पडून विचार केलास ना, तेवढं आडवं पुरे."

भूर्जाचा पहिला ओंडका फुटला. आत ओड्वार खोकला. दुसरा फुटला, पुन्हा खोकला. तिसऱ्याला तेच, चौथ्याला तेच. गुनवोरचं डोकंच फिरलं.

"नाटकं बंद कर! त्यापेक्षा कॉफी ठेव."

"मी काय मुद्दाम करतोय?"

पाचव्या ओंडक्यात गाठ होती. पाचर अर्ध्यावर रुतली, मोटर कण्हू लागली. गुनवोरने दात-ओठ खाऊन दांडे दाबून धरले. एक ओंडका सात टनांना ऐकत नाही म्हणजे काय! आत खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

तिने हात सोडले. पाचर वर गेली.

आणि घरातून श्वास ओढल्याचा आवाज आला, बुडता माणूस पाण्यावर यावा तसा.

ओड्वार भिंत धरत बाहेर आला आणि पायरीवर बसला. ओठ निळे पडले होते.

"यंत्र बरोबर नाहीये," तो म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं." पण तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. "डॉक्टरकडे जाऊ या?"

"फुप्फुसं स्वच्छ आहेत, ऐकलं नाहीस? जरा डोळा लागू दे."

त्याने भिंतीला डोकं टेकलं. ती भ्यायली होती, आणि भ्यायली म्हणून आणखी चिडली होती. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिने खालचा एक ढलपा उचलला. तो हलका लागला. आणि कोमट.

दोन महिन्यांत भूर्ज वाळत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तिने भांड्यांचा साबण आणला. ढलप्याच्या एका टोकाला साबण चोपडायचा, दुसऱ्या टोकाकडून फुंकायचं. फुगा आला तर लाकूड वाळलं. सगळे असंच बघतात.

साबण लावून तिने दुसरं टोक तोंडाशी नेलं.

फुंकायच्या आधीच पलीकडे फुगा आला होता. तो मोठा झाला, ओसरला, पुन्हा मोठा झाला.

तिने ओड्वारकडे पाहिलं. त्याच्या एका श्वासाला एक फुगा. ती मोजू लागली. सात. आठ. नऊ.

दहाव्याला ओड्वारची छाती वर आली नाही.

अकराव्यालाही नाही.

फुगा येत-जात होता.

"ओड्वार?"

पायरीवर काहीच हललं नाही. तिच्या हातातला फुगा मात्र वर येता येता थबकला, कुणी नाव घेतल्यावर थबकावं तसा.